घड्याळाबरहुकूम उगवणारे लांडगे

गेल्या सत्रातील गोष्ट. मागणी आणि पुरवठ्याचा तास चालू असताना शेवटच्या बाकावरचे दोन विद्यार्थी कुजबुजत होते. दटावावे म्हणून जवळ गेलो, तेव्हा कानी पडलेले वाक्य असे होते : "मारला तरी काही बिघडत नाही रे, वीस मिनिटांनी तिथेच पुन्हा येतो." चौकशी करता कळले की, विषय संगणकावरील एका काल्पनिक जगाचा होता आणि 'तो' म्हणजे त्या जगातील अरण्यात वावरणारा कोणी अक्राळविक्राळ राक्षस होता. शिक्षकांच्या खोलीत ही हकीकत सांगितली, तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी खेदाने उद्गारले, "बघा, मुलांच्या मनात हिंसा कशी भिनत चालली आहे!"

हा आक्षेप नवा नाही आणि मला तो फारसा पटतही नाही. राक्षस मारणे हा आमच्या कथापुराणांचा नित्याचा उद्योग आहे. मला खटकले ते 'मारला' हे क्रियापद नव्हे. 'वीस मिनिटांनी पुन्हा येतो' हे शब्द खटकले. भीमाने बकासुराला मारले ते कायमचे; एकचक्रा नगरी सुटली आणि कथा पुढे गेली. रक्तबीजाचा अपवाद कोणी दाखवील. परंतु त्याचे पुन्हा पुन्हा उगवणे पुराणकाराने संकट मानले आहे, सोय मानलेली नाही. संगणकावरील अरण्यात मात्र श्वापदाचे पुनरागमन ही खेळणाऱ्याची हक्काची सोय होऊन बसली आहे. ती तेथे कशी आली याचा इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा आहे. कारण एका प्रसिद्ध खेळाच्या कर्त्यांनी ती प्रारंभी द्यायचीच नाही असे ठरवले होते.

हा खेळ म्हणजे 'अल्टिमा ऑनलाइन'. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथे असलेल्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने तो १९९७ च्या सप्टेंबरात लोकांपुढे आणला. त्यातील जगाचे नाव ब्रिटानिया. हजारो माणसांनी आपापल्या घरून एकाच वेळी त्यात प्रवेश करावा, कोणी लोहार व्हावे, कोणी शिंपी, कोणी शिकारी, अशी ही योजना होती. रिचर्ड गॅरियट हे या जगाचे मूळ कल्पक आणि राफ कॉस्टर हे त्याचे प्रमुख रचनाकार. त्यापूर्वीच्या खेळांतील प्राणी म्हणजे जत्रेतील नेमबाजीच्या पाटीवरची चित्रे होती. गोळी लागली की पडायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. ब्रिटानियाच्या कर्त्यांनी प्राण्यांना भूक दिली.

त्यांची कल्पना मोठी विलक्षण होती. प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक जीव आपल्या ठायी काय बाळगतो हे लिहून ठेवलेले असे : मेंढीच्या ठायी लोकर आणि मांस, कुरणाच्या ठायी चारा. प्रत्येक प्राण्याला काय खायला हवे, काय आवडते, आश्रय कोठे मिळतो हेही ठरवून दिलेले. ससा गवत शोधणार, लांडगा ससा शोधणार. ससे कमी झाले तर भुकेला लांडगा हरणाकडे वळणार, तेही न मिळाले तर गावाच्या वेशीपर्यंत येणार आणि मग गावकऱ्यांना शिकाऱ्याची गरज भासणार. साहस कोणा लेखकाने लिहून द्यायचे नाही. ते सशांच्या तुटवड्यातून आपोआप जन्माला यायचे. आणखी एक गोष्ट आम्हा अर्थशास्त्र्यांना विशेष मोहात पाडणारी होती. या जगातील साधनसंपत्तीचा एकूण साठा ठरावीक होता. जे खर्च होईल ते साठ्यात परत जमा व्हायचे आणि त्यातूनच नवे जीव, नव्या वस्तू निर्माण व्हायच्या.

जगाचे दरवाजे उघडले आणि माणसे आत शिरली. त्यांनी ससे मारले, हरणे मारली, मेंढ्या मारल्या, लांडगे मारले. कातड्यासाठी, मांसासाठी, आपले शस्त्रकौशल्य वाढावे म्हणून, आणि पुष्कळदा समोर दिसले म्हणून. निर्मितीचा वेग संहाराच्या वेगापुढे टिकला नाही, अशी हकीकत गॅरियट यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितली आहे. लांडग्याला भूक लागायला जेवढा अवधी हवा, तेवढा तो जगतच नव्हता. कॉस्टर यांनी दुसरेही एक कारण नोंदवले आहे आणि ते अधिक रूक्ष आहे. हजारो प्राण्यांपैकी प्रत्येकाने सतत आपल्या अवतीभोवती भक्ष्य शोधायचे, म्हणजे संगणकाने तेवढी आकडेमोड करायची; तो भार त्या काळच्या यंत्रांना पेलवेना. दोन्ही कारणे खरी असावीत. परिणाम एकच झाला : प्राण्यांची भूक काढून घेण्यात आली. या प्रकरणातील मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पुढेच आहे. असे काही नैसर्गिक चक्र येथे होते आणि ते आता उरले नाही, याचा बहुसंख्य खेळाडूंना पत्ताही लागला नाही.

ठरावीक साठ्याची कल्पनाही फार काळ तगली नाही. माणसांनी घरे बांधली, पेट्या भरल्या, लागो न लागो वस्तू साठवून ठेवल्या. साठवलेले परत जमा होईना. जमा होईना म्हणून नवे उत्पन्न होईना. नव्याने आलेल्याला रानात शिकार नाही आणि बाजारात माल नाही, अशी अवस्था आली. या अर्थव्यवस्थेचा अभ्यास करून झॅकरी सिम्प्सन यांनी एक वाचनीय निबंध लिहिला आहे. शेवटी कर्त्यांनी साठ्याचे बंधन सोडले आणि नळ मोकळा केला. श्वापदे घड्याळाच्या काट्यावर उगवू लागली. पुढे आलेल्या बहुतेक खेळांनी हाच मार्ग पत्करला, आणि माझ्या वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत तो येऊन पोहोचला.

घड्याळावर उगवणाऱ्या श्वापदाचे अर्थशास्त्र मोठे चमत्कारिक असते. राक्षस मारला की त्याच्या अंगावर नाणी सापडतात. ही नाणी दुसऱ्या कोणाच्या खिशातून आलेली नसतात. राक्षस पडला त्या क्षणी ती नव्याने निर्माण होतात. म्हणजे राक्षस हाच मजुराचे शेत आणि राक्षस हीच सरकारची टांकसाळ. लाखो माणसे रात्रंदिवस टांकसाळीचा दट्ट्या ओढत बसली, तर चलनवाढ होणार हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मग कर्ते नाणी शोषून घेण्याचे उपाय योजतात : दुरुस्तीचा खर्च, प्रवासाचे भाडे, निव्वळ शोभेच्या महागड्या वस्तू. रिझर्व्ह बँकेच्या कामाची ही छोटी आवृत्ती मी कधी कधी वर्गात सांगतो आणि पतधोरणाच्या तासाला जांभया देणारी मुले तेवढ्यापुरती सावरून बसतात.

या मजुरीचे मोजमापही झाले आहे. १९९९ साली सुरू झालेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील नोराथ नामक जगाचा अभ्यास एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये प्रसिद्ध केला. नोराथमधील नाणी आणि पात्रे खऱ्या डॉलरांत लिलावाने विकली जात. त्या भावांवरून त्याने हिशेब मांडला. दरडोई उत्पन्न आले २,२६६ डॉलर. म्हणजे रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान, आणि त्या वेळच्या भारत व चीन यांच्या पुष्कळ वर. तासाची कमाई पडली ३.४२ डॉलर. नकाशावर नसलेला देश आपल्या देशापेक्षा श्रीमंत ठरावा हा विनोद खराच; पण त्या उत्पन्नाचा मोठा भाग घड्याळावर उगवणाऱ्या श्वापदांच्या संहारातून आलेला होता, हे विसरता कामा नये. मूल्यवान राक्षस ज्या ठिकाणी उगवे तेथे माणसे तासन्‌तास ठाण मांडून बसत. नवा माणूस आला की "जागा धरली आहे का?" असे विचारी आणि रांगेत राही. कायदा नाही, पोलीस नाही, तरी वहिवाटीचा हक्क निर्माण झाला. आमच्याकडे रेल्वेच्या अनारक्षित डब्यात रुमाल टाकून जे साधते, तेच हे.

मग या रांगेत गरीब देशांतील माणसेही येऊन उभी राहिली. चीनमधील नान्जिंग शहरातील अशा कामगारांचे वर्णन न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत २००७ साली आले होते. खेळ निराळा होता, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. परंतु धंदा तोच. बारा बारा तासांच्या पाळीत तेच राक्षस पुन्हा पुन्हा मारायचे आणि जमलेली नाणी मालकाने परदेशी खेळाडूंना विकायची. मजुरी पडे तासाला सुमारे तीस सेंट. ज्या राक्षसाला मारताना एकाला करमणूक होते, त्याच राक्षसाला मारून दुसरा पोट भरतो. वेठ आणि खेळ यांत कृतीचा फरक नाही, मोबदल्याचा आणि निरुपायाचा आहे, हे या प्रकरणाइतके स्वच्छ मी कोठे पाहिलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ब्रिटानियातील सशांची गोष्ट ऐकली की पुष्कळांना एक निष्कर्ष आयता हाती आल्यासारखा वाटतो : माणूस हा जात्याच हावरा, मोकळे रान दिसले की तो ते ओरबाडणारच. आमच्या शास्त्रातही या निष्कर्षाला मोठमोठे आधार आहेत. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मासेमारीसंबंधी हेच दाखवले, की समुद्र सर्वांना खुला असला म्हणजे मिळकत आणि खर्च समान होईपर्यंत होड्या वाढतच जातात आणि शेवटी कोणाच्याच हाती काही उरत नाही. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये गायरानाचा दाखला देऊन सामाईक मालमत्तेची शोकांतिका रंगवली. मला मात्र ब्रिटानियाच्या कहाणीतून हा निष्कर्ष निघत नाही असे वाटते. तेथे माणसे हावरी वागली हे खरे. पण आपण काय गमावतो आहोत हे त्यांना दिसण्याची काही व्यवस्थाच नव्हती. सशांची मोजदाद कोणी जाहीर करीत नव्हते. लांडगा भुकेने मेला की खेळाडूच्या तलवारीने, हे कोणाला कळत नव्हते. आणि ससा नाहीसा झाल्याने कोणाचे काही अडतही नव्हते : सडणारे प्रेत नाही, वाढणारा उंदीर नाही, ओसाड पडणारे शेत नाही. कर्त्यांनी लांडग्याला भूक दिली, पण लांडगा गेल्याची झळ माणसाला दिली नाही.

खऱ्या जगात झळ बसते. पण तीही कोठल्याच हिशेबात दिसत नाही. आपल्याकडील गिधाडांचे उदाहरण घ्या. १९९० नंतरच्या दशकात भारतातील गिधाडे पाहता पाहता नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे अंश मेलेल्या गुरांच्या मांसावाटे त्यांच्या पोटात जात होते. गुरांसाठी या औषधाचा वापर २००६ साली बंद करण्यात आला, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा निबंध 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये २०२४ साली आला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा त्यांचा अंदाज आहे. उघड्यावर सडणारी जनावरे, दूषित पाणी, मोकाट कुत्री यांची ती साखळी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात त्या वर्षांत औषधाची विक्री मिळकत म्हणून जमा झाली असेल. गिधाडांचा रकाना त्या तक्त्यात नव्हता आणि आजही नाही.

आम्ही शिक्षक वर्गात काय शिकवतो ते पाहिले तर विद्यार्थ्यांना फार दोष देता येत नाही. यंत्र झिजते, म्हणून घसारा वजा करावा, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो. जंगल तोडले तर विकलेले लाकूड उत्पन्नात धरतो आणि तुटलेले जंगल कोठेच वजा करीत नाही. हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या शेवटच्या प्रकरणात येतो आणि परीक्षेच्या तोंडावर गळतो. मी स्वतः कितीतरी वर्षे तो गाळलेला आहे. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून पार्थ दासगुप्ता यांनी जैववैविध्याच्या अर्थशास्त्रावर सविस्तर अहवाल सिद्ध केला, तो २०२१ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. निसर्ग ही एक संपत्ती आहे आणि तिची झीज हिशेबात धरली पाहिजे, हे त्याचे सूत्र. म्हणजे आमच्या पाठ्यपुस्तकांतील लांडगाही आजवर घड्याळावरच उगवत होता.

ज्याचे पुनरागमन होणार नाही असे श्वापद समोर असेल, तर तीच माणसे कशी वागतात? याचेही एक उदाहरण नोराथमध्येच घडले आहे. एका थडग्यात केराफिर्म नावाचा प्रचंड ड्रॅगन निद्रिस्त होता आणि चार ड्रॅगन त्याची राखण करीत होते. या राखणदारांपाशी दुर्मीळ शस्त्रे मिळत आणि ते पुन्हा पुन्हा उगवत. परंतु चौघेही एकदम मारले गेले की निद्रिस्त ड्रॅगन जागा होई, संहार करीत निघून जाई आणि त्यानंतर ना तो परत येई, ना ते राखणदार. नोराथच्या अनेक प्रती निरनिराळ्या सर्व्हरांवर चालत. प्रत्येक सर्व्हरवर ही घटना एकदाच घडू शकत होती.

अशा वेळी काय झाले? ससे बेहिशेब मारणाऱ्यांचेच हे भाऊबंद. पण येथे त्यांनी हात आखडता घेतला. बलिष्ठ टोळ्यांनी चौथ्या राखणदाराला हात न लावण्याचा संकेत पाळला, आपसांत पाळ्या लावल्या, उतावळ्यांना आवर घातला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातील स्वित्झर्लंडची कुरणे आणि स्पेनमधील पाटबंधारे यांची आठवण व्हावी असा हा प्रकार. आपल्याकडचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होडी घालत नसत आणि यांत्रिक नौकांना जून-जुलैत बंदी असते, ती समजूतही हीच. तेथे मासळी वीस मिनिटांनी येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते.

परंतु या संकेताचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मीच आयता निष्कर्ष काढल्यासारखे होईल. एकामागून एक सर्व्हरवर ड्रॅगन जागा झाला. राखणदारांपासून ज्यांना लाभ होत होता त्यांना संयम पाळण्यात हित होते. ज्यांना त्या थडग्यात कधी पाऊलच टाकता आले नाही, त्यांनी तो कशासाठी पाळायचा? मालवणच्या किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमार परराज्यांतील ट्रॉलरांविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. तिच्या मुळाशी हेच आहे. ज्याचा त्या पाण्याशी उद्याचा संबंध नाही, तो आजच सगळे उपसून नेतो. तेव्हा राखायचे कसे, यापेक्षा राखलेल्यात वाटा कोणाकोणाला, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आमच्या वनखात्याच्या इतिहासात तो बराच काळ विचारलाच गेला नाही.

रॅलोस झेक नावाच्या सर्व्हरवर २००३ च्या नोव्हेंबरात एक प्रसंग घडला. कर्त्यांनी केराफिर्म मरणारच नाही अशा बेताने घडवला होता. तीन टोळ्यांचे मिळून दोनशेच्या आसपास खेळाडू एकत्र आले आणि त्यांनी त्याच्यावर हल्ला चढवला. पहिल्या दिवशी ड्रॅगन अर्ध्याहून अधिक घायाळ झाला असताना कंपनीने तो एकाएकी नाहीसा केला. खेळाडूंनी गिल्ला केला, कंपनीने माफी मागितली आणि दोन दिवसांनी त्यांना पुन्हा संधी दिली. तीन तासांच्या आसपास झुंज चालली. माणसे मरत होती, पुन्हा उठून लढत होती. खेळातल्या माणसांनाही घड्याळाचीच कृपा. अखेर ड्रॅगन पडला. त्याच्या अंगावर काहीही सापडले नाही. तो मरेल असे धरलेच नसल्यामुळे कोणी त्याच्यापाशी काही ठेवलेच नव्हते.

ही हकीकत मी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलांना सांगितली. दोघे बराच वेळ गप्प होते. मग त्यांतल्या एकाने विचारले, "सर, त्यानंतर त्या थडग्यात कोण जातं?"